पुस्तकात मी कोण होते

भुताने भुतासारखं राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वस्तीपासून लांब राहावं, अंधार पडल्यावर बाहेर यावं, माणसं घाबरवावीत आणि उजाडायच्या आत आपल्या जागी परत जावं. त्याने बसचा पास काढू नये, लिफ्ट बंद पडली म्हणून तक्रार करू नये, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या प्रेमात तर मुळीच पडू नये. पण मिरीला नेमकं असलंच आवडतं. अर्बन फँटसी म्हणतात म्हणे त्याला. "म्हणजे नक्की काय गं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ताई, जादूच असते. फक्त ती आपल्यासारखी भाड्याच्या खोलीत राहते." तेव्हाही मला काही कळलं नव्हतं, आणि आता कळतं असंही नाही.

मिरी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. खरं नाव वेगळं आहे, पण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात भावाने तिचं मिरी करून टाकलं. दिसायला एवढीशी, पण दाताखाली आली की कळते. भाऊ गेला, नाव राहिलं, आणि तीही राहिली. आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढच्या खोलीत मी लोकांचे नंबर काढते, आतल्या खोलीत मिरी काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते, आणि दुकानाच्या वर आम्ही दोघी राहतो. नणंद-भावजय एका छपराखाली सुखाने नांदतात म्हटल्यावर लोक आधी हसतात आणि मग दुकानात डोकावून खात्री करून घेतात. त्यांना बहुतेक वेळा माझा आवाज ऐकू येतो. मी ओरडते. मला हळू बोलता येत नाही असं नाही, पण हळू बोलून कामं होतात यावर माझा विश्वास नाही.

महिन्याच्या सुरुवातीला दुकानात एक फोन आला. मिरी पोस्टात गेली होती, म्हणून मी उचलला. पलीकडचा माणूस दुसऱ्या शहरातल्या काचांच्या कारखान्यातून बोलत होता आणि मीच मिरी आहे असं धरून सुटला होता.

"मग मॅडम, काय ठरवलंत? काचा घासायचा अख्खा विभाग तुमच्या हाताखाली देतोय. नवीन मुलींना शिकवायचं. राहायची सोय आमच्याकडे. महिनाअखेरपर्यंत सांगाल ना?"

"ती बाहेर गेलीय," म्हणून मी फोन ठेवून दिला. समोर एक गृहस्थ हनुवटी टेकवून अक्षरं वाचायला बसले होते, त्यांना मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावली.

संध्याकाळी मिरीला फोनचं सांगितलं. ती म्हणाली, "हो, विचारत होते ते. बघू."

बघू! पुढे हूं की चूं नाही. आणि मी, जिची जीभ गिऱ्हाइकाच्या मानदुखीचीसुद्धा चौकशी करते, ती मीही गप्प. 'जाऊ नकोस' म्हणायला तोंड उघडायचं आणि तसंच मिटायचं. तिला अडवणारी मी कोण? नवऱ्याची बहीण. आणि नवराच राहिला नाही तर त्याची बहीण कुठल्या खात्यात धरायची? 'जा' म्हणावं तर त्यापेक्षा मी जीभ चावून मेले असते. ती गेली तर वरच्या दोन खोल्यांत मी काय करणार होते, हे मला अजिबात डोळ्यांसमोर आणायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात रविवारी आमचं वाचनमंडळ होतं.

मंडळ भरतं दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. रविवारी पेशंट नसतात, बाहेरच्या खोलीत खुर्च्या भरपूर, आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या दाढेच्या चित्राकडे एकदा दुर्लक्ष करता आलं की जागा बरी आहे. आम्ही मोजकीच माणसं. डॉक्टरीणबाई, बस चालवणारे काका, मिरी, मी आणि अधूनमधून टपकणारे दोघं-तिघं. आमच्यात शिफारस करायची एक पद्धत आहे, ती डॉक्टरीणबाईंनी पाडली. पूर्वी जो तो उठायचा आणि 'वाचायलाच हवं' म्हणून न वाचलेलं पुस्तक दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा. म्हणून त्यांनी नियम केला. पुस्तक सगळ्यांना मिळून सुचवायचं नाही, एकाच माणसाला द्यायचं, आणि तो माणूस त्या पुस्तकात असला पाहिजे. कुठे आहे, कोण आहे, हे सांगायचं नाही. त्याने वाचायचं, महिनाअखेरच्या बैठकीत उभं राहायचं आणि सांगायचं, यात मी अमुक. बरोबर असेल तर टाळ्या. चुकलं तर देणाऱ्याने खरं काय ते सांगायचं, आणि चुकणाऱ्याने पुढच्या वेळी सगळ्या खुर्च्या पुसायच्या.

वाचायला वेळ लागतो, पण मजा येते. मी डॉक्टरीणबाईंना दिलेल्या रहस्यकथेत त्या खुनी होत्या. त्यांनी पहिल्या फटक्यात ओळखलं आणि वर, "किती शांत डोक्याने केलाय हो खून," म्हणून खूश झाल्या. मिरी मात्र सगळ्यांना तिचं ते शहरी जादूचंच देणार. बसवाल्या काकांना तिने एक दिलं होतं, त्यात बस डेपोची राखण एक बोलणारा कुत्रा करतो. काकांनी छाती काढून सांगितलं, मी नायक, तो तलवारवाला. निघाले कुत्रा. आठवडाभर मिरीशी बोलले नाहीत. मग त्यांनी ते पुन्हा वाचलं, आणि आता ते नव्या माणसाला स्वतःची ओळख कुत्रा म्हणूनच करून देतात.

त्या रविवारी मिरीने पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"ताई, हे तुम्हाला."

आजवर तिने मला तिच्या त्या जादूतलं एकही पुस्तक दिलं नव्हतं. मी नाक मुरडते हे तिला पक्कं ठाऊक. आणि नेमकं ह्याच महिन्यात? माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तिच्याकडे पाहिलं, ती काकांशी बोलायला लागली होती. त्या क्षणी मला लख्ख कळलं, निदान कळलं असं वाटलं. जे तिला तोंडाने सांगवत नाही, ते तिने ह्यात घालून दिलंय. जाणार की राहणार, ते ह्या पुस्तकात आहे.

पुस्तकाचं नाव 'वाढता जिना'. मी ते दुपारी गिऱ्हाईक नसताना काउंटरवर वाचायला घेतलं आणि पहिल्या प्रकरणातच माझं डोकं भणभणलं. एक शहर आहे. त्यात रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणारी एक मुलगी आहे, आणि दिवे तिला सगळ्या गल्लीच्या भानगडी सांगतात. पालिकेच्या कचेरीत एक चेटकीण नोकरीला आहे, हरवलेल्या सावल्या ती कपाटात ठेवते आणि ओळख पटल्याशिवाय परत देत नाही. एका बसमध्ये मेलेली माणसं रोज कामावर जातात, कारण त्यांना कामावरून कमी केल्याचं कुणी कळवलेलंच नाही. आणि सगळ्यांच्या मधोमध एक जुनी इमारत आहे. हे सगळं लेखक इतक्या साधेपणाने सांगतो की जणू तुमच्या-आमच्या शेजारचंच आहे. जादू आहे तर आहे म्हणून जाहीर तरी कर की बाबा! ते नाही. चेटकीण जेवणाच्या सुट्टीत मोजे विणते.

आधी मला वाटलं, मी ती दिवेवाली. मुख्य पात्र तीच, आणि मिरीने मला काही अगदीच किरकोळ दिलं नसणार. पण दिवेवाली शेवटी शहर सोडून जाते. मग मी जाणार? मी कुठे जाणार? की दिवेवाली मिरी आहे आणि शहर मी? पण नियम असा की मी कोण ते शोधायचं, मिरी कोण ते नाही. मग मला वाटलं, मी ती कचेरीतली चेटकीण. दुसऱ्याची सावली कुलपात ठेवणारी. हे वाटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आतल्या खोलीत गेले आणि मिरीला विचारलं, "मी कुणाचं काय दाबून ठेवलंय गं?"

तिने मशीन थांबवून वर पाहिलं. "पुस्तकाचं विचारताय का? सांगायचं नसतं, ताई."

"मी आपलं सहज विचारलं."

"मग सहज वाचा," ती म्हणाली आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

सहज वाचा म्हणे! जीव टांगणीला लागलेला आणि सहज वाचा.

त्या सगळ्या गोंधळात एकच बाई मला बरी वाटली. इमारतीच्या जिन्याखाली ती छत्र्या दुरुस्त करते. भुतं तिच्याकडे मोडक्या छत्र्या घेऊन येतात, आणि ही त्यांना ओले पाय बाहेर पुसायला लावते, काड्या अशा वाकवतात का म्हणून चांगली झापते. भूत असलं म्हणून काय झालं, शिस्त म्हणून काही असतं की नाही! पण ती अधूनमधून दोन-चार ओळींपुरती येते आणि तिचं पुढे काहीच होत नाही. लेखकाला माणसांची पारख नाही, असं मनात म्हणून मी पान उलटलं.

मग एका दुपारी बसवाले काका चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आले. मी त्यांना आडून आडून विचारलं. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण अनुभवी माणूस.

"ताई, एक सांगतो. माणूसच असेल असं धरून चालू नका. तिच्या पुस्तकात काहीही असतं. मी कुत्रा निघालो."

काका गेले आणि मी पुस्तक पुन्हा सुरुवातीपासून उघडलं. माणूसच असेल असं नाही. दिवे? बस? कपाट? आणि मग मी इमारतीपाशी आले.

इमारतीचं असं आहे. तिथला कुणी भाडेकरू सामान बांधायला लागला की तिच्या जिन्याला एक मजला वाढतो. माणूस बॅग घेऊन उतरतो, उतरतच राहतो, खालचं दार काही येत नाही. शेवटी दमतो, परत वर जातो, बॅग सोडतो आणि चहा ठेवतो. इमारत कुणाला इजा करत नाही. दारं आपटत नाही, कुणाचा गळा धरत नाही. तिला फक्त रिकामं राहायची भीती वाटते.

मी ते पान दोनदा वाचलं. म्हणजे हे होतं तर. मी कधी एका शब्दाने अडवलं नाही मिरीला, पण जिना वाढवत होते. चार माणसांसमोर तिने मला सांगितलं होतं, ताई, मला जायचंय आणि दार येत नाहीये. मला राग यायला हवा होता. रागच यायचा माझा स्वभाव. पण त्या दिवशी राग आला नाही, नुसतं रडू आलं, आणि तेवढ्यात एक बाई मुलाला घेऊन आल्या म्हणून तेही नीट रडता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दार उघडायला घेतलं.

पहिली गोष्ट म्हणजे मी ओरडणं बंद केलं. ज्याला जायचं त्याच्यावर कशाला हक्क गाजवायचा? मिरीच्या हातून एका फ्रेमचा रंग उडाला, तर मी म्हटलं, "असू दे गं, होतं असं." ती आतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"ताई, बरं वाटत नाहीये का?"

"छान आहे मी. तू दमली असशील, बस जरा."

ती बसली नाही. दिवसभर मधूनमधून माझ्याकडे बघत होती. मग ती उशिरा उठली, मी काही म्हटलं नाही. नळ उघडा ठेवला, मीच जाऊन बंद केला. तिने मोजायच्या सगळ्या पट्ट्या चुकीच्या खणात टाकल्या, मी गोड हसले. इतकं गोड हसायचं म्हणजे गाल दुखतात, हे मला पहिल्यांदाच कळलं. आणि मिरी मात्र दिवसेंदिवस मुकी होत चालली. मला वाटलं, जायचं मनावर घेतेय, म्हणून.

शेवटी मी माळ्यावरची मोठी बॅग काढली, पुसली आणि तिच्या पलंगाशी ठेवली.

"हे काय?" तिने विचारलं.

"लागेल तुला. घरात असलेली बरी."

ती बॅगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला काय वाटतं? मी जावं?"

अखेर विचारलं तिने! आणि काय करू, माझ्या डोक्यात तो जिना. मी म्हटलं, "तुझ्या मनासारखं कर, बाई. माझी काही अडचण नाही." हे वाक्य मी इतक्या मऊ आवाजात म्हटलं की ते दुसऱ्याच कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकानातून कारखान्याला फोन केला आणि येते म्हणून कळवलं. मी पुढच्या खोलीत नंबर काढत होते. सगळं ऐकू आलं. कुणाला तरी मोकळं केल्याचा एक अभिमान असतो, तो मला वाटला. मग मी मागच्या बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून रडले.

महिनाअखेरच्या बैठकीला मी पुस्तक घेऊन उभी राहिले तेव्हा सगळ्यांना मिरी जाणार हे कळलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी केक आणला होता. मी एरवी उभी राहिले की आधी खुर्च्यांच्या मांडणीवर बोलते. त्या दिवशी सरळ म्हटलं, "यात मी ती इमारत."

काका पुटपुटले, "इमारत म्हणजे कुत्र्यापेक्षा बरीच मोठी झाली."

"इमारत?" मिरीने विचारलं.

"हो. पण मी जिना वाढवला नाहीये. बॅग मी स्वतः काढून दिलीय. तू बघितलंस ना? दार उघडं आहे, मिरे. तेव्हा..." पुढचं वाक्य मी घरून जुळवून आणलं होतं, ते कुठे गेलं कोण जाणे.

मिरी माझ्याकडे आ वासून बघत होती. मग हळूच म्हणाली, "नाही, ताई. चूक."

"चूक? मग कोण? ती कपाटवाली चेटकीण ना? मला वाटलंच होतं!"

"छत्रीवाली."

"कोण छत्रीवाली?"

"जिन्याखाली बसते ती. छत्र्या दुरुस्त करते."

आधी वाटला तो अपमानच. "ती? अख्ख्या पुस्तकात तिची धड चार पानंसुद्धा नाहीत! एवढ्या जाड पुस्तकात मला चार पानं दिलीस तू?"

काका हसले. मिरी हसली नाही.

"ताई, भुतं तिच्याकडे कशाला जातात?"

"छत्र्या मोडतात त्यांच्या, म्हणून."

"भुतांना छत्री कशाला लागते? पाऊस तर त्यांच्या आरपार जातो. सुरुवातीलाच लिहिलंय तसं. ती भुतं आपल्या हाताने छत्र्या मोडून नेतात तिच्याकडे."

"कशाला?"

"ओरडून घ्यायला," मिरी म्हणाली. "सगळ्या शहरात तीच एक त्यांच्यावर ओरडते. जिवंत माणसावर ओरडावं तशी."

मिरी आपल्या हातांकडे बघत बोलायला लागली. तिच्या बोटांना काचेची बारीक पूड लागून ती कायम पांढुरकी दिसतात.

"हे गेले तेव्हा सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले. शेजारचे, माहेरचे, दुकानात येणारे. कुणी माझ्याशी नीट भांडेना. मला वाटायला लागलं, हे नाही, मीच गेलेय, आणि ही सगळी माझ्या मागे हळू आवाजात बोलताहेत. आणि तुम्ही एक दिवस आतल्या खोलीत आलात आणि केवढ्यांदा ओरडलात. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली म्हणून. 'लक्ष कुठंय तुझं, माणसाला खड्ड्यात पाडशील!' त्या दिवशी मी पोटभर जेवले, ताई. हे पुस्तक वाचलं आणि मला सारखं तेच आठवत होतं. म्हटलं, तुम्हाला द्यावं. तुम्ही हसाल आणि छत्रीवाली म्हणून सांगाल, मग मी सांगेन की कारखान्याला मी नाही म्हणतेय."

"नाही म्हणतेय?" माझा आवाज कुठल्या कुठे चढला. "तू तर हो म्हणालीस!"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी म्हणाले ते तू पुस्तक दिलंस म्हणून!"

"मी पुस्तक दिलं ते त्यात तुम्ही होतात म्हणून."

"अगं पण मी त्यात इमारत..." आणि मी थांबले, कारण कोण कशामुळे काय म्हणालं होतं ते माझ्याच हातून निसटलं.

"तुम्ही एकदम गोड बोलायला लागलात," मिरी म्हणाली. "'असू दे गं', 'बस जरा'. नळ उघडा ठेवला, काही नाही. मुद्दाम ठेवला होता मी. पट्ट्यासुद्धा मुद्दाम टाकल्या भलत्या खणात. तरी तुम्ही हसताय. मग बॅग आणून ठेवलीत. मला वाटलं, झालं. आता ह्यांनाही मी मेलेलीच."

मग मात्र माझा ताबा सुटला. मी ओरडले. त्या दाढेच्या चित्राखाली, केकसमोर, सगळ्यांच्या देखत ओरडले. अक्कल गहाण ठेवलीस का, तोंड नव्हतं का तुला, पुस्तकातून कसली बोलतेस, चांगली धडधाकट बाई तू, नीट समोर येऊन सांगता येत नाही? आणि पट्ट्या मुद्दाम टाकल्यास? किती वेळ गेला माझा शोधण्यात! हे सगळं एका दमात म्हणून झालं आणि त्याच दमात मी म्हटलं, "जाऊ नकोस. मला तू हवी आहेस. दुकानासाठी नाही, दुकान मी ओढीन कसंही. मला वर घरात तू हवी आहेस."

मिरी रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. डॉक्टरीणबाई केक कापायची सुरी हातात धरून तशाच बसल्या होत्या. मला वाटलं, संपलं. आता ती कारखान्याला फोन करणार, आम्ही घरी जाणार, आणि पुढच्या वेळी मी खुर्च्या पुसणार.

"हे आधी म्हणायचं होतंत," ती डोळे पुसत म्हणाली.

"आता म्हणतेय ना."

"हो. पण ताई..." तिने पुन्हा डोळे पुसले. "मी हो म्हटलं ते रागाने म्हटलं. खरंच. पण म्हटल्यापासून मला थोडं जावंसं वाटायला लागलंय. त्या मुलींना पहिल्या दिवशी काय शिकवायचं ते मी मनात ठरवत असते. काच कशी धरायची, तिथपासून. मला जायचं नव्हतं, हे खरं. आता जायचंय, हेही खरं. मला काही कळेनासं झालंय."

"मग माझं हे आत्ताचं काय?"

"ते हवं होतं," ती म्हणाली. "ते ऐकल्याशिवाय मला जाता आलं नसतं."

याचा अर्थ काय? राहा म्हटल्यावर माणूस राहतं. राहा म्हटल्यावर माणसाला जायचं बळ येतं, हे कुठल्या जगात बसतं? मी काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. मग मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी निमूटपणे केक कापून एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो खाल्ला, कारण दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

ती गेली. जायच्या दिवशी सकाळपासून मी तिला फैलावर घेतलं होतं. जाड पांघरूण का नाही घेतलं, जोडे कापडात का नाही गुंडाळले, तिकडे गेल्यावर त्या फोनवाल्या माणसाला पहिल्याच दिवशी सगळं हो हो करू नकोस. ती सगळ्याला हो म्हणत होती आणि हसत होती. गाडी सुटताना मी पुन्हा एकदा जाऊ नकोस म्हटलं, आणि तिने खिडकीतून हात हलवला. मी रडत होते आणि तिला जाताना बघून मला बरंही वाटत होतं. ही दोन्ही एकदम होऊ शकतात याची मला कल्पना नव्हती, आणि अजूनही मला ते पटलेलं नाही.

आता आतल्या खोलीतलं काम मीच करते. हळू होतं, पण होतं. परवा एक आजोबा नवा चष्मा घेऊन परत आले. काचेवर चांगला लांब ओरखडा होता. मी तो चष्मा उजेडात धरला, तशीच मागे वळले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून जोरात ओरडले, "हे असं काम करतात का? लक्ष कुठे असतं तुझं?"

आजोबा दचकले. आत कुणी नव्हतं. काच मीच बसवली होती.